आपला रस्ता आपणच तपासू या

पुण्याच्या स्वारगेट एसटी स्थानकात २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे एक तरुणी फलटणच्या गाडीची वाट पाहत होती. एक माणूस तिच्याजवळ आला. फलटणची गाडी इथे नाही, तिकडे लागली आहे, असं सांगून त्याने तिला आवारात उभ्या असलेल्या एका अंधाऱ्या शिवशाही बसकडे नेलं. त्या गाडीत तिच्यावर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदवली गेली आणि सगळा महाराष्ट्र हादरला. स्वारगेट ही काही आडबाजूची जागा नव्हे. पहाटेसुद्धा तिथे प्रवाशांची ये-जा असते. पोलिस ठाणं हाकेच्या अंतरावर आहे. सीसीटीव्ही होते आणि संशयिताची ओळख पटली ती त्यांच्याच चित्रणावरून.

एरवी आपण ज्यांना सुरक्षेची साधनं मानतो, ती बहुतेक तिथे हजर होती. म्हणून या घटनेनंतर मनात येणारे प्रश्न फार साधे आहेत. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागणार, हे स्थानकावरच्या प्रत्येकाला ठळकपणे आणि खात्रीने कळत असेल, तर अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबायची वेळ कुणावर येईल का? रात्री उभ्या करून ठेवलेल्या गाड्यांची दारं बंद असतील तर? त्या उभ्या असतात तो कोपरा उजळलेला असेल तर? फलाटाची पाटी, दाराची कडी आणि एक दिवा. बाईची सुरक्षितता पुष्कळदा अशाच गोष्टींवर टिकून असते, आणि त्या गोष्टी कुणाच्याच कर्तव्यात ठळकपणे लिहिलेल्या नसतात.

घटनेनंतर राज्यातल्या बसस्थानकांची सुरक्षा तपासणी करण्याचे आदेश निघाले. ते योग्यच झालं. पण तपासणीची एक जुनी आणि जास्त खोलात जाणारी रीत आहे. तिच्यात अधिकारी तक्ता भरत नाहीत. त्या जागेचा रोज वापर करणाऱ्या बायका स्वतः चालत जाऊन ती जागा तपासतात. ही रीत कशी चालते, ते इथे सविस्तर सांगते.

टोरांटोतल्या मेट्रॅक या संस्थेने १९८९ मध्ये महिलांच्या सुरक्षा पाहणीची पद्धत बसवली. तिच्यामागचा विचार सरळ होता: रस्त्याची भीती जिला रोज वाटते, त्या रस्त्याची सगळ्यात मोठी जाणकार तीच. पुढे ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडे दिल्लीच्या ‘जागोरी’ या संस्थेने तिला भारतीय रूप दिलं, फेरीवाले आणि शेअर रिक्षा असलेल्या रस्त्यांवर ती वापरून पाहिली. २०१३ मध्ये ‘सेफ्टीपिन’ हे अ‍ॅप आलं. उजेड, मोकळेपणा, इतरांच्या नजरेच्या टप्प्यात असणं, माणसांची वर्दळ, पहारा, पायवाट, सार्वजनिक वाहतूक, बायकांचं प्रमाण आणि तिथे उभं राहिल्यावर मनाला काय वाटतं, अशा नऊ बाबींवर त्यात जागेला गुण देतात. अ‍ॅप वापरायचं तर जरूर वापरावं. पण वही, पेन आणि चालायची तयारी एवढ्यावरही पाहणी उत्तम होते.

वेगाने वाढणाऱ्या शहरात अशा पाहणीची गरज जास्त का, ते पुण्याकडे पाहिलं की कळतं. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर होती. २०११ मध्ये ती सव्वासतरा लाखांच्या पुढे गेली. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. सूस, म्हाळुंगे, नऱ्हे, मांजरी, वाघोली अशा गावांतून आधी इमारती उभ्या राहिल्या, मग माणसं राहायला आली आणि रस्ता, दिवा, फुटपाथ, बस हे सगळं त्यांच्या मागून रखडत येतं आहे. या मधल्या काळात मुली मोठ्या होतात, नोकरीला लागतात, रात्रपाळी करतात. शहर पुरं होईपर्यंत थांबायला त्यांना सवड नसते.

तर पाहणीची सुरुवात गट जमवण्यापासून. सहा ते दहा जणी पुरेत, पण त्या एकाच सोसायटीतल्या, एकाच वयाच्या नसाव्यात. पहाटे साडेपाचला धुणीभांडी करायला निघणाऱ्या मावशी हव्यात, दवाखान्यातून शेवटच्या बसने परतणारी परिचारिका हवी, क्लासला जाणारी अकरावीतली मुलगी हवी, काठी टेकत चालणाऱ्या आजी हव्यात. जमल्यास चाकाच्या खुर्चीवरची एखादी असावी. कंपनीच्या कॅबने दारापर्यंत येणाऱ्या संगणक अभियंता तरुणीला कोपऱ्यावरच्या कुत्र्यांच्या टोळीची खबर नसते. मावशींना ती तोंडपाठ असते. मुलीला माहीत असतं की अमुक पानपट्टीजवळून जाताना मान खाली घालायची. हे ज्ञान एकेकटीजवळ गप्प पडून असतं. गटाने चाललं की ते एकमेकींना कळतं, आणि ‘मलाच भीती वाटते’ हा गैरसमज पहिल्या दहा मिनिटांत जातो. एखाद-दोन पुरुषांनाही बरोबर घ्यावं. ज्या रस्त्याने ते वर्षानुवर्षं निर्धास्त जात आले, तोच रस्ता बायकांच्या तोंडून ऐकल्यावर पुष्कळ जण गप्प होतात आणि पुढे कामाला येतात.

रस्ता निवडताना फार मोठा हात मारू नये. बस थांब्यापासून घरापर्यंतचा, मेट्रो स्थानकापासून वस्तीपर्यंतचा, शाळेपासून मुख्य चौकापर्यंतचा, असा एक किलोमीटरच्या आतला टप्पा घ्यावा. प्रवासातला हा शेवटचा तुकडाच सगळ्यात दुर्लक्षित असतो.

आणि तिथे दोनदा जावं. एकदा दिवेलागणीला, दुसऱ्यांदा रात्री दहानंतर, दुकानांची शटर खाली आल्यावर. या दुसऱ्या फेरीत एक गोष्ट हमखास लक्षात येते: ज्याला आपण रस्त्याचा उजेड समजत होतो, तो दुकानांच्या पाट्यांचा उजेड होता. मेडिकल बंद झालं, मिठाईचं दुकान बंद झालं की दोनशे मीटरचा रस्ता एकदम काळा पडतो. पालिकेचे दिवे तिथे कधी पुरेसे नव्हतेच. उधारीच्या उजेडावर भागत होतं.

उजेडाबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण पाहणीत सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. ‘दिवा आहे का’ एवढंच पाहून पुढे जाऊ नये. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा निदान चार मीटरवरून ओळखू येतो का, ते पाहावं. चेहरा दिसला तर वाट बदलायची, मागे फिरायची की सरळ जायचं, हे ठरवायला क्षणभर वेळ मिळतो. दोघींनी समोरासमोर चार मीटरवर उभं राहून ही परीक्षा जागेवरच घेता येते. पुष्कळ ठिकाणी दिव्याचा सगळा झोत गाडीरस्त्यावर असतो आणि फुटपाथ झाडाखाली काळोखात. खांब उंच, फांद्या त्याच्या खाली, त्यामुळे दिवा झाडाचा शेंडा उजळत बसतो. अशा ठिकाणी नवा दिवा मागायची गरज नाही. फांद्यांची छाटणी किंवा खांबालाच खालच्या उंचीवर दुसरा दिवा एवढ्याने काम होतं. बांधकामावरचे हॅलोजन आणखी वेगळा त्रास देतात. ते डोळ्यांवर येतात आणि त्यांच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. एक प्रखर दिवा आणि पुढे पन्नास मीटर काळोख, यापेक्षा मध्यम उजेडाचे सलग दिवे कितीतरी चांगले, कारण प्रखर उजेडातून अंधारात शिरताना डोळे काही वेळ आंधळेच असतात. खांबांवर क्रमांक रंगवलेले असतात. बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक वहीत लिहून घ्यावाच. ‘आमच्या रस्त्यावर अंधार आहे’ या तक्रारीला उत्तर मिळत नाही, क्रमांकासकट दिलेल्या तक्रारीला टाळता येत नाही.

उजेडानंतर नजर. अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये शहरांवरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं, की रस्ता सुरक्षित ठेवतात ते त्याच्याकडे सहज पाहणारे लोक: दुकानदार, खिडकीतली माणसं, कट्ट्यावरचे म्हातारे. आपल्या जुन्या पेठांमध्ये हे आपोआप होतं. वाड्याचं दार रस्त्यावर, ओटा रस्त्यावर, वाण्याचं दुकान तिथेच. नव्या उपनगरात काय दिसतं? दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटी भिंती, इमारतीचे खालचे मजले वाहनतळाचे, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी नाही आणि सुरक्षारक्षकाची खोली आत तोंड करून. सोसायटीच्या आतला बगीचा झगमगतो, भिंतीबाहेरचा रस्ता ओसाड. आपापली सोसायटी सुरक्षित करताना आपण सामायिक रस्ता असुरक्षित केला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. भिंतीचा वरचा भाग जाळीचा करणं, रक्षकाची खोली फाटकाबाहेर पाहील अशी बसवणं, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला चार दिवे लावणं, हे सोसायटीच्या सभेत ठरू शकतं. त्यासाठी पालिकेची वाट पाहावी लागत नाही.

बांधकामाभोवतीचे हिरवे-निळे पत्रे, अर्धवट सोडलेल्या इमारती, बंद कारखान्यांची आवारं यांचीही नोंद करावी. मुंबईत ऑगस्ट २०१३ मध्ये छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला तो महालक्ष्मीच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात. आजूबाजूला गजबजलेली मुंबई आणि मध्ये कुणाचीच नजर नसलेली पडीक जमीन. गिरण्या गेल्या, नवं काही आलं नाही, आणि मधल्या वर्षांत त्या जागेची जबाबदारी कुणीच घेतली नाही. असे तुकडे आज प्रत्येक वाढत्या शहरात आहेत. जागा कुणाची, कुंपण कुणी घालायचं, रात्री पहारा कुणाचा, हे विचारणं पाहणीचंच काम आहे.

वर्दळ मोजताना एकूण माणसं मोजू नयेत, बायका वेगळ्या मोजाव्यात. चौकात पन्नास माणसं असतील आणि त्यात दोनच बायका, तर ती गर्दी तिसरीला आधार देत नाही. भाजीवाली, गजरेवाली, वडापावच्या गाडीवरची बाई जिथे बसते तिथे इतर बायका थांबतात, बसची वाट पाहतात, मुलाला घेऊन उभ्या राहतात. म्हणून पाहणीनंतर ‘फेरीवाले हटवा’ अशी मागणी पुढे आली तर मी नेहमी विरोध करते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमायची असते आणि त्यातल्या विक्रेत्यांच्या प्रतिनिधींमध्ये एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. बस थांब्याजवळ बायकांना विक्रीची जागा मिळावी, ही मागणी त्या समितीपुढे नेता येते.

फुटपाथचं सांगायला नको. तो नसला की बाई गाड्यांच्या बाजूने चालते आणि दुचाकीवरून हात मारून जाणाऱ्याला सोपं सावज होते. बसचं मात्र नीट पाहावं. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत चालत्या बसमध्ये जिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, त्या तरुणीला आणि तिच्या मित्राला रिक्षावाल्यांनी नाकारलं होतं, म्हणून मुनिरकाच्या थांब्यावरून ती दोघं त्या खासगी बसमध्ये चढली. बसची वारंवारता हा सुरक्षेचा मुद्दा आहे, हे त्याहून कठोरपणे कुणी सांगू शकत नाही. थांब्यावर किती वेळ थांबावं लागतं, ते घड्याळ लावून पाहावं. शेवटची बस खरोखर येते का, थांब्यावर शेड आणि दिवा आहे का, जाहिरातीच्या फलकामागे आडोसा तयार झाला आहे का, मार्गांची पाटी वाचता येते का, हेही.

स्वच्छतागृह राहून जातं, कारण त्याचा सुरक्षेशी संबंध कुणाला सुचत नाही. मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळ २०११ मध्ये उभी राहिली ती याच मुद्द्यावर: पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे, शिवाय स्वच्छतागृहंच मोजकी. पुण्यात जुन्या बसगाड्यांमध्ये बायकांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहं सुरू झाली, ती कल्पना चांगली होती. पाहणी करताना आत जाऊन पाहावं. कडी लागते का, दिवा लागतो का, रात्री किती वाजता कुलूप लागतं, दाराशी कोण बसतं. स्वच्छतागृह नसलेल्या भागात बायका दिवसभर पाणी कमी पितात आणि अंधार झाल्यावर आडोसा शोधतात. त्या आडोशाला जाणारी वाट पाहणीच्या नकाशावर आलीच पाहिजे.

पुण्याच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात असा एक तुकडा मी पाहिला आहे. विकास आराखड्यातला रस्ता, ज्याला सगळे डीपी रोड म्हणतात, छान रुंद आणि डांबरी. पण एका जमिनीचा निकाल लागलेला नसल्यामुळे तो अचानक संपतो, आणि मुख्य रस्त्याला भिडेपर्यंत उरते चिखलाची पायवाट. कडेला दिव्याचे खांब रोवलेले होते, त्यांना वीजजोड नव्हता. दिवसा सगळेच या वाटेने जात. सात वाजले की पुरुष जात, बायका लांबच्या हमरस्त्याने वळसा घालत किंवा शेअर रिक्षाचे पैसे मोजत. तिथल्या एका पोळ्या लाटणाऱ्या ताईंनी सहज सांगितलं, की रिक्षाचे पैसे नकोत म्हणून त्यांनी संध्याकाळचं एक घर सोडलं. त्या अंधाराची किंमत त्यांच्या पगारातून वजा होत होती आणि ती कुठल्याच गुन्ह्याच्या आकड्यात येत नव्हती. तिथे गुन्हा घडलेलाच नव्हता, कारण बायकांनी त्या वाटेने जाणंच सोडून दिलं होतं.

भीतीपोटी मोजलेली अशी किंमत दिल्लीच्या एका अभ्यासातही दिसली आहे. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या मुलींच्या प्रवासाचा अभ्यास केला. सुरक्षित रस्त्याने जाता यावं म्हणून मुली आपल्या गुणांना मिळू शकणाऱ्या चांगल्या महाविद्यालयापेक्षा कमी दर्जाचं महाविद्यालय निवडतात, असं त्यांना आढळलं. मुलांच्या बाबतीत हे त्या प्रमाणात होत नाही.

पाहणी संपली की दोन-तीन दिवसांतच सगळ्यांनी एकत्र बसावं, आठवणी ताज्या असतात. मोठ्या कागदावर रस्ता काढावा आणि प्रत्येक अडचणीपुढे ती कुणाच्या अखत्यारीत येते ते लिहावं. दिवा विद्युत विभागाचा, फांद्या उद्यान विभागाच्या, फुटपाथ पथ विभागाचा, वीजजोड महावितरणचा, थांबा पीएमपी या बससेवेचा, पत्रे बिल्डरचे, भिंत सोसायटीची. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच सर्वांत महत्त्वाचं. सगळ्या मागण्यांचं एकच निवेदन दिलं तर ते टेबलाटेबलांवरून फिरत राहतं. विभागवार स्वतंत्र पत्र, खांबाचा क्रमांक, तारीख टाकलेला फोटो आणि क्षेत्रीय कार्यालयाची पोच, एवढं असलं की पाठपुरावा करता येतो. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. ३० दिवसांत माहिती देणं बंधनकारक आहे. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात. पथदिवे, फुटपाथ, थांबे, स्वच्छतागृहं ही त्यातलीच. सुरक्षा पाहणीचा तक्ता त्या अर्जांसाठी तयार कच्चा माल असतो. फक्त मुदतीवर डोळा ठेवावा लागतो. तीन-चार महिन्यांनी त्याच गटाने त्याच रस्त्याने पुन्हा चालावं. दुसरी पाहणी झाली नाही, तर पहिली वाया गेलीच म्हणून समजा.

एक धोका इथेच सांगते. नकाशावर लाल खूण केली की घरचे म्हणतात, ‘बघ, तिकडे जायचंच नाही.’ असं झालं तर पाहणी मुलीच्या पायातली बेडी होते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या अभ्यासावर २०११ मध्ये पुस्तक लिहिलं आणि बायकांच्या कारणाशिवाय भटकण्याच्या हक्काची मांडणी केली. बाई रस्त्यावर दिसली की तिला काहीतरी काम असलंच पाहिजे, हे आपण गृहीत धरतो, म्हणून बाईसुद्धा हातात पिशवी आणि कानाला फोन धरून कामात असल्याचं दाखवत चालते. पाहणीचा हेतू बायकांची वर्दळ वाढावी हा आहे, आणि ती वाढते तेव्हा रस्ता आपोआप बदलतो. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी पहिली लेडीज स्पेशल लोकल सोडली. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. अशा निर्णयांनी बाई घराबाहेर पडते, आणि तिच्या मागून दुसरी.

पाहणीच्या आवाक्याबाहेर पुष्कळ काही राहतं, हेही मान्य केलं पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत स्त्रियांवरच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा असतो, आणि बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी बाईच्या ओळखीचे असतात. रस्त्यावरचे दिवे लावून घरातला अंधार जाणार नाही. पण ज्या बाईला घरातून निघायचं आहे, तिला पोलिस ठाण्यापर्यंत किंवा मैत्रिणीकडे पोहोचायलाही रस्ताच लागतो. म्हणून गटातल्या प्रत्येकीला आणखी दोन गोष्टी माहीत असाव्यात. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिला हेल्पलाइनसाठी १८१ हे क्रमांक आहेत. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, कोणत्याही पोलिस ठाण्यात गुन्ह्याची माहिती देता येते. ‘ही आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवलं तर हे कलम ठामपणे सांगावं.

येत्या शनिवारी संध्याकाळी आपल्या थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता घ्या. शेजारच्या चौघींना, घरी कामाला येणाऱ्या ताईंना आणि कॉलेजातल्या मुलीला बरोबर बोलवा. बंद दिव्यांच्या खांबांचे क्रमांक वहीत उतरवा, आणि सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात पत्र देऊन पोच घ्यायला विसरू नका.